धुतलेलं लुगडं

घमेल्यात चहाचं पाणी होतं. भरपूर पावडर उकळून केलेलं, काळपट तांबडं. शेजारी पोत्यावर काळी माती होती, चाळून घेतलेली. दुपारचा एक वाजला होता. कोल्हापुरातल्या एका नाट्यगृहाच्या रंगमंचावर आम्ही अकरा जण उभे होतो. चार वाजता प्रयोग होता.

सरांनी पिशवीतून माझ्या आईचं लुगडं काढलं. पांढरं, सुती, निळ्या काठाचं. घडी कांजीनं इतकी कडक झाली होती की उघडताना आवाज झाला. सरांनी ते दोन्ही हातांनी वर धरलं, दिव्याखाली, सगळ्यांना दिसेल असं.

"हे काय आणलंस? नाटकात पूर आलाय. बारसं नाही."

सगळे हसले. मीही हसले. हे सुरुवातीलाच लिहून ठेवते, म्हणजे नंतर लपवता येणार नाही.

"असं इस्त्रीचं लुगडं नेसतं कोण तुमच्यात?"

मी रिकामी पिशवी उचलून तिची घडी घातली.

"दुसरं टोक धर."

मी धरलं. सरांनी त्यांच्याकडचं टोक घमेल्यात सोडलं. ते कापड हातहात आत सोडत गेले आणि चहा पांढऱ्यातून वर चढत माझ्या बोटांपर्यंत आला. मग रंगभूषेच्या काकांनी ओल्या लुगड्यावर मूठमूठ माती टाकून तळहातानं चोळली. काठ ब्लेडनं दोन ठिकाणी उसवला. हे सगळं होईपर्यंत मी टोक ताणून धरलं होतं. मधे एकदा ते सैल झालं तेव्हा सर म्हणाले, "घट्ट धर गं." मी घट्ट धरलं.

त्या वेळी माझी आई जयसिंगपूरच्या स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत होती. वस्तीतल्या नऊ बायका घेऊन ती नाटक बघायला निघाली होती. तिचं लुगडं नाटकात होतं, म्हणून.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीच्या काठाला. बौद्धवस्ती सखल भागात. महापुरात आमच्या घरात छपरापर्यंत पाणी होतं. पाणी ओसरल्यावर काही महिन्यांनी कोल्हापूरची एक नाट्यसंस्था वस्तीत आली. संस्था जुनी होती, स्पर्धांमध्ये नाव असलेली. पूरग्रस्तांच्या अनुभवांवर नाटक करायचं, वस्तीतल्या बायकांनीच त्यात काम करायचं, असा उपक्रम होता. सर त्या संस्थेचे दिग्दर्शक. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, जयसिंगपुरात एका खाजगी शाळेत शिकवत होते. वस्तीतल्या बायका आणि सर यांच्यामधलं सगळं बोलणं माझ्यातून जायचं.

शिबिर चांगलं झालं. हेही लिहायला हवं. समाजमंदिरात आठ रविवार आम्ही गोल करून बसलो. सरांनी आवाज पोटातून कसा काढायचा ते शिकवलं. ज्या बायका ग्रामसभेत कधी तोंड उघडत नव्हत्या त्या तिथं उभ्या राहून बोलल्या. शेजारच्या शोभाक्कानं बोटीत बसताना बोकड कसा सोडून दिला ते सांगितलं, आणि सांगून झाल्यावर ती स्वतःच म्हणाली, "नवरा बुडला असता तर एवढी रडली नसती मी." तिचा नवरा खिडकीबाहेर उभा होता. तोही हसला.

आईनं इस्त्रीची गोष्ट सांगितली.

आम्हाला जयसिंगपूरच्या एका शाळेत ठेवलं होतं. एका वर्गात नऊ कुटुंबं. आईनं घर सोडताना दोनच पिशव्या घेतल्या होत्या. एकीत कागदपत्रं आणि पितळी तांब्या, दुसरीत हे पांढरं लुगडं, प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं. पौर्णिमेला वंदनेला ती ते नेसते. अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिनं बावीस वर्षं काम केलं, निवृत्त होताना स्वतःसाठी घेतलेली ती एकच वस्तू. बोटीत पिशवी तिनं डोक्यावर धरली होती. लुगड्याला चिखलाचा एक थेंब लागला नाही.

शाळेत पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मदतीचे ट्रक येणार असं कळलं. आईनं स्वयंपाकाच्या चुलीतले निखारे मागून आणले. पितळी तांब्यात भरले. तांब्याच्या गळ्याला फडकं गुंडाळून धरलं आणि तापलेलं बूड कापडावर फिरवत गेली. अंगातली लुगडी बायकांनी आळीपाळीनं धुऊन, व्हरांड्यात वाळवून घेतली होती. आईनं वर्गातल्या प्रत्येकीला तशी इस्त्री करून दिली. वेण्या घातल्या. मग सगळ्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

शिबिरात सरांनी विचारलं होतं, "त्या परिस्थितीत इस्त्री कशासाठी?"

आई म्हणाली, "घ्यायला जाताना माणूस नीट दिसाय पाहिजे, सर. न्हायतर देणारा टाकल्यासारखं देतोय."

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, हेच लिहिलं.

दोन महिन्यांनी संहिता आली. सरांनीच लिहिली होती. शाहूपुरीतल्या हॉलमध्ये वाचन झालं. तांब्या त्यात नव्हता. बोकड होता, पण तो एका पुरुष पात्राकडं गेला होता. मुख्य पात्र एक आई. ती मळक्या, फाटक्या लुगड्यात ट्रकमागं धावते, हात पसरते, पडते, उठते, पुन्हा धावते. ही भूमिका संस्थेच्या ज्येष्ठ अभिनेत्रीकडं होती. कॉलेजात शिकवायच्या, सगळे त्यांना वहिनी म्हणायचे. वस्तीतल्या आम्ही पाच जणी त्यांच्यामागं धावणारा जमाव. आम्हाला तीन वाक्यं होती, तिन्ही एकत्र ओरडायची.

मी विचारलं, "सर, इस्त्रीचा प्रसंग?"

"अगं, गोड आहे तो. पण पटणार नाही कुणाला."

"झालंय ते, सर."

"झालेलं असणं वेगळं आणि रंगमंचावर खरं वाटणं वेगळं. शिकशील हळूहळू."

मी मान हलवली. मला शिकायचं होतं.

प्रयोगाच्या आठवड्यात सरांनी सांगितलं, वहिनींसाठी वस्तीतलं खरं लुगडं हवं. भाड्याचे कपडे खोटे दिसतात. "आईंचं एखादं आण. रोजचं, विटकं. आणि हे बघ, धुऊ नका. आहे तसंच आण."

मी घरी जाऊन आईला एवढंच म्हणाले, "सरांना नाटकात तुझं लुगडं पायजे." धुऊ नका हे मला आईसमोर म्हणता आलं नाही. म्हणता न येण्यासारखं ते होतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. ते मी बाजूला सारलं.

आईनं रोजचं लुगडं दिलं नाही. पेटीतून पांढरं काढलं. मी म्हणाले, "अगं, जुनं चालतंय." ती म्हणाली, "कोल्हापूरची माणसं बघणार. आपली बाई उभी राहणार तितं. जुनं कसं चालंल?" तिनं ते पुन्हा धुतलं. भाताची पेज गाळून कांजी केली. घरात तेव्हा विजेची इस्त्री होती, तरी तांब्या काढला. ते कापड तिला तांब्यानंच हवं होतं.

चार वाजता पडदा उघडला. मी जमावात होते, प्रेक्षकांकडं बघायचं नव्हतं. तरी बघितलं. आई बाल्कनीत पहिल्या ओळीत कठड्याला धरून बसली होती. वहिनी आत आल्या. केस सुटलेले, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. काठावरून आईनं ते ओळखलं असणार. निळा काठ एवढाच शिल्लक होता. ती पुढं वाकली. मग मागं टेकून बसली. नंतर प्रयोग संपेपर्यंत हलली नाही. नाट्यगृहात लोक रडत होते, आम्हाला आवाज येत होता. पडदा पडल्यावर टाळ्या खूप वेळ चालल्या.

सरांनी वस्तीतल्या बायकांना रंगमंचावर बोलावलं. प्रत्येकीला गुलाबाचं फूल दिलं. ध्वनिक्षेपकावरून म्हणाले, "ही या मातीतली खरी माणसं." आई फूल घेऊन उभी राहिली. तिच्या शेजारी वहिनी होत्या, आईच्याच लुगड्यात. वहिनींनी आईच्या खांद्यावर हात टाकला. त्या हाताची माती आईच्या खांद्याला लागली. आईनं ती तिथंच झटकली. फोटोत ते आलं नाही.

परतीच्या गाडीत मी आईशेजारी बसले. हातकणंगले आलं तेव्हा तिनं विचारलं.

"माझंच न्हवं ते?"

"व्हय."

"मी धुऊन दिलं होतं."

"व्हय."

"मग घाण कुणी केलं?"

मी म्हणाले, "सरांनी." एवढंच म्हणाले. टोक कुणी धरलं होतं ते सांगितलं नाही. पुढच्या सीटवरून शोभाक्का म्हणाली, "आगं, नाटकच हाय ते. खरं व्हय काय?" आई म्हणाली, "माझं लुगडं खरं हाय की."

दुसऱ्या दिवशी मी लुगडं परत आणलं. आईनं ते सोड्यात भिजवलं. लिंबू लावलं. उन्हात घातलं, पाणी मारलं, पुन्हा उन्हात घातलं. माती निघाली. उसवलेला काठ तिनं बारीक टाक्यानं शिवला. चहा निघाला नाही. पदरापासून निऱ्यांपर्यंत पिवळट डाग राहिला. ज्या टोकाला मी धरलं होतं तेवढंच पांढरं होतं. चार बोटांची जागा. ते टोक आईनं दोनदा हातात घेऊन बघितलं. तिला कळलं असावं.

मला बसवेना. फळ्यावर लिहिताना खडू मोडायचा. मी सरांचं वाक्य रोज घोळवत होते, असं कोण नेसतं तुमच्यात. आणि सुचलेली उत्तरं रोज खोडत होते, कारण ती सगळी उशिरा आलेली होती.

तीन आठवड्यांनी त्याच नाट्यगृहात महोत्सव होता. मोठे पाहुणे, बाहेरून आलेले समीक्षक. सरांचा फोन आला. "ते लुगडं आण. धुतलं नाहीस ना?" फोन स्पीकरवर होता, आई भाजी निवडत समोर बसली होती.

तिनं लुगडं काढलं. कांजी केली, तांब्या फिरवला. घडी घालून माझ्या हातात दिलं.

"ने. पण हाय असंच नेस म्हणावं त्या बाईला."

मी ते नेलं. सकाळी अकरा वाजता रंगमंचावर तेच घमेलं होतं, तेच पोतं. सरांनी पिशवी उघडली आणि डोळे मिटून श्वास सोडला, जसा मठ्ठ मुलासमोर शिक्षक सोडतो. मी शिक्षिका आहे, मला तो श्वास माहीत आहे.

"पुन्हा धुतलंस."

"आईनं धुतलंय. ती म्हणाली, हाय असंच नेसायचं."

"आईंच्या भावना मी समजतो. पण हे बघ, धुतलेल्या लुगड्याकडं बघून कुणी रडत नाही."

"आम्हाला कुणाला रडवायचं न्हाय, सर."

"मग नाटक कशाला करतेस?"

मला उत्तर आलं नाही. खरंच आलं नाही. त्यांनी ते ओळखलं, आणि माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "चल. टोक धर."

लुगड्याचं पांढरं टोक माझ्याकडं आलं होतं. चार बोटांची जागा. माझी बोटं तिथं बरोबर बसली. त्यांनी त्यांच्याकडचं टोक घमेल्याकडं नेलं आणि मी ओढलं. जोरात. लुगडं त्यांच्या हातातून सुटून माझ्याकडं आलं.

"न्हाय," मी म्हणाले.

"न्हाय म्हणजे?"

"ह्याला चिखल लागणार न्हाय. पुरात लागला न्हाय, तुमच्या हातनं एकदा लागला. बास."

वहिनी म्हणाल्या, "अगं, आम्ही तुमचंच दुःख मांडतोय ना."

मी म्हणाले, "आमचं न्हाय मांडत, वहिनी. आम्ही रांगेत वेणी घालून उभ्या होतो. तुम्ही त्या रांगेतल्या न्हाय."

सरांचा आवाज चढला नाही. ते सुसंस्कृत माणूस होते. म्हणाले, "तुला जायचं तर जा. या चौघी आहेत. नाटक कुणासाठी थांबत नसतं."

मी चौघींकडं बघितलं. शोभाक्कानं पोत्यावरची माती चप्पलेनं बाजूला सारली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. बाकी तिघी जागच्या जागी. त्यातली एक खाली बघत म्हणाली, "पत्रिकेत नाव छापलंय गं. पोरांना दाखवलंय मी." मी तिला दोष दिला नाही. आजही देत नाही. माझंही नाव छापलेलं होतं. पहिल्यांदाच.

आम्ही दोघी विंगेतून मागच्या दारानं गेलो नाही. रंगमंचाच्या पायऱ्या उतरून, खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं, समोरच्या दरवाजातून बाहेर पडलो. शोभाक्का म्हणाली, "येवढ्या खुर्च्या. येकावर तरी बसून घ्यायचं होतं." आम्ही बसलो नाही.

प्रयोग झाला. कपडेपटातलं दुसरं लुगडं मळवलं गेलं. संस्थेला पारितोषिक मिळालं. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात वहिनी हात पसरून धावत होत्या. मी शाळेत कात्रण वाचलं आणि घडी घालून ठेवलं. पुढं मी शाळा सोडली आणि एका दैनिकासाठी तालुक्याच्या बातम्या लिहू लागले. जे पाहिलं तेवढंच लिहायचं, ही शिस्त मला त्या कामानं दिली. त्या शिस्तीनंच आता सांगते, त्या दिवशी मी जिंकून घरी आले नव्हते.

मला वाटलं होतं आई जवळ घेईल. मी लुगडं तिच्यासमोर ठेवलं, सगळं सांगितलं. टोकाचंही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"लुगडं आणलंस."

"व्हय."

"जागा सोडून आलीस."

"मग काय करणार होते? तितं थांबून चिखल बघत बसू?"

"मी सांगितलं होतं, हाय असंच नेसायचं. परत आण म्हणाले नव्हते." तिनं लुगडं उचललं. "आता तितं बोलणारं कोण हाय आपलं? ती बाई पळतीया. लोकं बघत्यात. त्येंला वाटतंय तसंच असतंय."

ती रागानं बोलली नाही, म्हणून ते जास्त लागलं. सरांना जे उत्तर मला देता आलं नव्हतं ते तिनं दिलं होतं. नाटक कशाला करतेस? कारण आम्ही केलं नाही तर ते करणारच आहेत, आणि जे दिसेल तेच खरं ठरणार आहे.

समाजमंदिरात आम्ही पुन्हा बसायला लागलो. आधी मी आणि शोभाक्का. मग आई. मग त्या तिघींतल्या दोघी, एकेक करून, न बोलावता. आठ रविवारांत जे शिकलो होतो ते आम्ही टाकलं नाही. आवाज पोटातूनच काढतो. संहिता आम्ही सांगितली, मी लिहून काढली. बोकड शोभाक्काकडं परत आला. तिचा नवरा नेपथ्य बघतो.

तांब्याचा प्रसंग शेवटी आहे. त्यात संवाद नाही. आई बसते, लुगडं पसरते, तांब्या फिरवते. पूर्ण लुगडं. नऊ वार. तालमीत अकरा मिनिटं लागतात. इस्त्री झाली की चौघी रांगेत उभ्या राहतात, समोर बघत. हात पसरत नाहीत. पडदा.

जयसिंगपुरात एका कार्यक्रमात आम्ही हे केलं. परीक्षक म्हणून बोलावलेले गृहस्थ नंतर सौजन्यानं म्हणाले, प्रयत्न प्रामाणिक आहे, पण पूरग्रस्त स्त्रिया इतक्या नीटनेटक्या पटत नाहीत, आणि शेवट लांबतो. पुढच्या रांगेतली दोन माणसं तिसऱ्या मिनिटाला उठून गेली होती. आईनं त्यांच्याकडं बघितलं आणि तांब्या फिरवत राहिली.

कोल्हापूरच्या त्याच नाट्यगृहाची तारीख आम्हाला मिळाली आहे. अर्जावर दिग्दर्शक या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. व्यवस्थापकांनी सांगितलं, रंगमंचावर निखारे चालणार नाहीत. आम्ही तांब्यात उकळतं पाणी घेणार आहोत. बूड पुरेसं तापतं, आईनं करून बघितलं.

मागच्या आठवड्यात सरांचा फोन आला. इतक्या वर्षांनी. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. आवाज थकलेला होता, पण तोच. म्हणाले, आनंद झाला, एक तालीम बघायला येतो, शेवट मी बसवून देतो, इस्त्री एका मिनिटात आण, अकरा मिनिटं कुणी बसत नाही.

मी म्हणाले, "तिकीट काढून या, सर. पुढं बसा."

ते म्हणाले, "तू अजून रागात आहेस."

मी म्हणाले, "व्हय."

मला राग सोडायचा नाही. तो कामाचा आहे. तो नसता तर मी अजूनही त्यांच्यासाठी टोक ताणून उभी असते, घट्ट, आणि त्याला शिकणं म्हणत असते.

लुगडं तेच असेल. धुतलेलं, कांजी केलेलं. डाग दिव्यात स्पष्ट दिसतो, मी दिवे लावून बघितलं आहे. तो झाकायचा नाही, असं आई म्हणाली. तिसरी घंटा झाली की मी विंगेत पडद्याच्या दोरीपाशी उभी राहणार आहे. खोकले येतील, खुर्च्या वाजतील, माणसं उठतील. दोरी माझ्या हातात असेल. शेवटची घडी पडेपर्यंत मी ती सोडणार नाही.